पुतणी परराष्ट्र सेवेत, पहिली नेमणूक कैरो: घरच्यांनी काय समजून घ्यावं?

खानापूर_काका

नमस्कार मंडळी. पुतणी परराष्ट्र सेवेत लागली आहे. मसुरीचं झालं, दिल्लीत सुषमा स्वराज संस्थेतलं प्रशिक्षणही संपत आलंय. भाषा अरबी मिळाली आणि थर्ड सेक्रेटरी म्हणजे दूतावासातली कनिष्ठ अधिकारी म्हणून कैरोला जायचं ठरलंय. पेढे वाटून झाले, आता घरात चिंता सुरू झाली. आमच्याकडं लांबची बदली म्हणजे बेंगळूर, त्यामुळं कुणालाच काही कळेना.

तिथं दिवसभर नेमकं काम काय असतं? पेपरात दिसतात त्या पार्ट्याच, की आणखी काही? डिप्लोमॅटिक पासपोर्ट असला की सामान कुणी उघडत नाही, पोलीस हात लावत नाहीत म्हणतात, हे कितपत खरं? बरोबर काय द्यावं? वहिनींनी आत्तापासनं कांदा-लसूण मसाला करायला घेतलाय. आईवडिलांना तिच्याकडं जाऊन राहता येईल काय?

आणि सगळ्यात अवघड म्हणजे निकाल लागल्यापासनं रोज कोणीतरी दारात येतंय. एकाचा मुलगा सौदीत अडकलाय, एकाला दुबईचा व्हिसा काढून पाहिजे. 'तुमची पोरगी आहे की आता सरकारात' म्हणतात. ह्यांना नाही कसं म्हणायचं, आणि हो तरी कशाच्या जिवावर म्हणायचं? जाणकारांनी जरा सविस्तर सांगावं.

चान्सरी

अभिनंदन काका. पार्ट्या असतात, पण त्या ड्युटीतच धरायच्या. सुरुवातीचा काळ मात्र ती मुख्यतः विद्यार्थिनी असणार. दिलेल्या परदेशी भाषेची परीक्षा पास झाल्याशिवाय नोकरी कायम होत नाही, आणि अरबीला वेळ लागतो. वर्गात शिकवतात ती लिहिण्या-वाचण्याची प्रमाण अरबी. टॅक्सीवाला, भाजीवाला, घरमालक बोलतात ती इजिप्शियन बोली. कन्नड पुस्तकातनं शिकून थेट बेळगावच्या रविवार पेठेत माल घ्यायला गेलेल्या माणसाला हा फरक समजावून सांगावा लागणार नाही. म्हणून पहिल्याच महिन्यापासून बोलीची शिकवणी वेगळी लावावी. नुसत्या वर्गावर राहिलं की परीक्षेत मार्क मिळतात, पण समोरचा लगेच इंग्रजीवर येतो आणि मग बोली कधीच येत नाही.

दूतावासातलं काम विभागून असतं: राजकीय, व्यापार, कॉन्सुलर (म्हणजे पासपोर्ट-व्हिसा आणि आपल्या नागरिकांची कामं), प्रेस व संस्कृती, प्रशासन. इमारत, गाड्या, स्थानिक कर्मचारी, घरांची भाडी हे सगळं हेड ऑफ चान्सरी बघतो. नव्या अधिकाऱ्याच्या गळ्यात बहुधा एकापेक्षा जास्त गोष्टी येतात. कैरोत मौलाना आझाद सांस्कृतिक केंद्रही आहे, म्हणजे योग दिन, हिंदीचे वर्ग, दिल्लीहून आलेलं नृत्यपथक, यातलंही काही वाट्याला येऊ शकतं.

दिवसाचा आकार घड्याळ ठरवतं. हिवाळ्यात कैरो आपल्या साडेतीन तास मागे, उन्हाळ्यात अडीच. दिल्लीत संध्याकाळचे सहा वाजतात तेव्हा तिथे हिवाळ्यात दुपारचे अडीच. दिल्लीला जे विचारायचं, कळवायचं ते जेवणाच्या आधी उरकलं नाही तर दुसऱ्या दिवसावर गेलं. शिवाय तिथली साप्ताहिक सुट्टी शुक्रवार-शनिवार. रविवारी कैरो चालू आणि दिल्ली बंद, शुक्रवारी कैरो बंद आणि दिल्ली जोरात. शुक्रवारी सकाळी दिल्लीहून 'आजच उत्तर हवं' असा निरोप आला की सुट्टी संपली समजा. घरच्यांनी शुक्रवारी निवांत फोनवर बोलायचा बेत फार धरू नये.

लेखनकाम भरपूर. यजमान देशाच्या परराष्ट्र खात्याला जाणारं नेहमीचं पत्र म्हणजे नोट व्हर्बाल. ते 'मी' किंवा 'आम्ही' असं लिहीत नाहीत. 'भारताचा दूतावास परराष्ट्र मंत्रालयाला अभिवादन करतो आणि कळवू इच्छितो की' अशा तृतीय पुरुषी सुरुवातीचं, शेवटी पुन्हा आदर व्यक्त करणारं ठरीव वाक्य. खाली पूर्ण सही नसते, फक्त आद्याक्षरं आणि दूतावासाचा शिक्का. सामान कस्टममधून सोडवणं, गाडीची नंबरप्लेट, ओळखपत्र, पाहुण्याच्या व्हिसाला पाठिंबा, सगळं या नोटवरून हलतं. नावाचं स्पेलिंग पासपोर्टशी एका अक्षरानं जुळलं नाही तरी नोट परत येते आणि पुन्हा पहिल्यापासून.

कुणाला भेटलं, जेवलं की त्याच दिवशी टिपण लिहायचं: कोण होतं, काय म्हणालं, त्यातलं नवीन काय. दुसऱ्या दिवशी लिहिलेल्या टिपणात समोरचा काय म्हणाला यापेक्षा आपल्याला काय वाटलं हेच जास्त उतरतं. वरिष्ठांना ते लगेच कळतं.

२६ जानेवारी आणि १५ ऑगस्टला सकाळी ध्वजारोहण, राजदूत राष्ट्रपतींचं भाषण वाचून दाखवतात. प्रजासत्ताक दिनाच्या निमित्तानं मोठा स्वागतसमारंभ असतो आणि त्याची पाहुण्यांची यादी हे ज्युनियर अधिकाऱ्याचं डोकं खाणारं काम. कोण बदलून गेलं, कोणाचं पद वाढलं, कोणाच्या शेजारी कोणाला बसवायचं नाही. राजदूतांचा आपसातला क्रम देश मोठा की छोटा यावर लागत नाही, त्या राजधानीत अधिकृतपणे पद कधी स्वीकारलं त्या तारखेवर लागतो. टेबलावर मुख्य पाहुणा यजमानाच्या उजव्या हाताला. हे चुकलं तर त्या वेळी कोणी काही बोलत नाही, पुढच्या आमंत्रणाला नकार येतो तेव्हा समजतं.

वानगी म्हणून आपल्याच भागातलं नाव: शेजारच्या कोल्हापूर जिल्ह्यातल्या, शिरोळ तालुक्यातल्या अब्दुललाटचे ज्ञानेश्वर मुळे, परराष्ट्र सेवेच्या १९८३ च्या तुकडीचे. मालदीवमध्ये उच्चायुक्त, न्यूयॉर्कमध्ये महावाणिज्यदूत होते. गावाकडच्या शाळेतनं जाणारी पुतणी काही पहिली नाही, धीर धरा.

कलम_३६

पासपोर्टबद्दल गैरसमज फार आहेत म्हणून फक्त तेवढंच लिहितो. पासपोर्ट तीन रंगांचे: साधा निळा, ऑफिशियल पांढरा, डिप्लोमॅटिक मरून. मरून पासपोर्ट सरकारचा, काम संपलं की परत करायचा. आणि नुसत्या पासपोर्टानं संरक्षण मिळत नाही. यजमान देशाला नेमणूक कळवलेली असते आणि त्यांनी ती मानलेली असते, त्यातनं मिळतं. त्याच पासपोर्टावर खासगी कामाला तिसऱ्या देशात गेलं तर तिथं ती साधी प्रवासीच.

नियम राजनैतिक संबंधांवरच्या १९६१ च्या व्हिएन्ना कराराचे. अटक करता येत नाही हे बरोबर, कलम २९. पण कलम ४१ सांगतं की तिथले कायदे पाळायचे. सिग्नल तोडला तर कोर्टात ओढणार नाहीत, मात्र परराष्ट्र खात्याकडून दूतावासाला पत्र जातं आणि ते पत्र तिच्या साहेबांच्या टेबलावर येतं. कलम ४२ प्रमाणे नोकरीव्यतिरिक्त तिथं पैशासाठी धंदा-व्यवसाय करता येत नाही. जोडीदाराला नोकरी करायची तर दोन देशांत तसा करार आहे का ते बघावं लागतं, आणि त्या नोकरीपुरतं संरक्षण सोडावं लागतं. ते सोडायचा अधिकारही सरकारचा, व्यक्तीचा नव्हे.

आता सामान. कलम ३६ मधलं दुसरं पोटकलम कोणी वाचत नाही. वैयक्तिक सामान तपासत नाहीत हे खरं, पण त्यात बंदी असलेली किंवा क्वारंटाइनच्या नियमात येणारी वस्तू आहे असं मानायला सबळ कारण असेल तर तपासता येतं, फक्त तिच्या किंवा तिच्या प्रतिनिधीच्या समोर. लोणच्याची बरणी फुटून बॅगेतनं तेल गळायला लागलं की कारण मिळालंच. आणि डिप्लोमॅटिक बॅग नावाची जी सीलबंद थैली जाते तिच्यात फक्त सरकारी कागद आणि सरकारी वापराच्या वस्तू. भाकरीचं पीठ त्यात जात नाही.

पुढची बदली दूतावासाऐवजी कॉन्सुलेटमध्ये (राजधानीबाहेरच्या शहरातल्या वाणिज्य दूतावासात) झाली, उदाहरणार्थ जेद्दाला, तर चित्र बदलतं. तिथं १९६३ चा वेगळा करार लागू होतो आणि संरक्षण मुख्यतः सरकारी कामापुरतं उरतं. २०१३ च्या डिसेंबरात न्यूयॉर्कच्या भारतीय कॉन्सुलेटमधल्या एका अधिकाऱ्यांना घरकामाच्या बाईच्या पगार-व्हिसावरून अटक झाली ती याच फटीमुळे. म्हणून इथनं कामाला बाई न्यायचा विचार असेल तर करार, पगार, कामाचे तास सगळं तिथल्या कायद्यानं लेखी हवं. 'आपलीच माणसं आहेत, कागद कशाला' हे तिथं चालत नाही.

भेटवस्तूंचंही लक्षात असू द्या. परदेशी पाहुण्यानं दिलेली वस्तू ३० दिवसांत कळवून तोशाखान्यात, म्हणजे सरकारी भेटवस्तूंच्या भांडारात, द्यायची असते, ५,००० रुपयांपर्यंतची ठेवून घेता येते. घरी आलेलं प्रत्येक चांदीचं तबक शोकेसमध्ये जात नाही.

नाडकचेरी_वारी

काका, दारात येणाऱ्या माणसांचं मी सांगतो, कारण तेच तुम्हाला वर्षानुवर्षं पुरणार आहे.

आधी व्हिसा. भारतीय दूतावास परक्यांना भारतात यायचा व्हिसा देतो. दुबईचा व्हिसा दुबई देते, इजिप्तचा इजिप्त. तुमच्या पुतणीच्या हातात तो नाहीच. हे शांतपणे सांगितलं तर निम्मी माणसं तिथंच परत जातात.

सौदीत अडकलेल्याचं काम कैरोतनं होत नाही, रियाधचा दूतावास किंवा जेद्दाचं कॉन्सुलेट बघतं. घरच्यांनी परराष्ट्र खात्याच्या 'मदद' पोर्टलवर तक्रार घालावी. २०१५ पासून आहे, तक्रारीला नंबर मिळतो आणि ती संबंधित दूतावासात नोंदली जाते. तुमच्या पुतणीच्या व्हॉट्सअॅपवर पाठवलेला फोटो कुठंच नोंद होत नाही, हा त्यातला फरक. तक्रारीत पासपोर्ट नंबर, इकामा (सौदीतला राहण्याचा परवाना) नंबर, मालकाचं किंवा कंपनीचं नाव, शहर, शेवटचा पगार कधी मिळाला आणि मुलाचा तिथला चालू फोन, एवढं पाहिजेच. 'मुलगा फार त्रासात आहे, कृपा करावी' एवढ्यावर काही हलत नाही.

खरी अडचण अशी असते. इकामा एका मालकाच्या नावावर आणि पोरगा काम करतोय दुसऱ्याकडं. पहिल्या मालकानं 'हुरूब' म्हणजे पळून गेल्याची नोंद केली की देश सोडायचा फायनल एक्झिट अडकतो. दूतावास मालकाशी बोलतो, कामगार न्यायालयात दुभाषा देतो, पासपोर्ट हरवला असेल किंवा मालकानं दाबून ठेवला असेल तर इमर्जन्सी सर्टिफिकेट देतो. ते एकदाच भारतात यायला चालतं. पण एक्झिटचा शिक्का मारणं दूतावासाच्या हातात नाही, ते सौदी सरकारचं काम. घरच्यांना हे कळलं की दूतावास काहीच करत नाही ही ओरड जरा कमी होते.

तिकिटाला किंवा वकिलाला पैसेच नसतील तर २००९ पासूनचा कम्युनिटी वेल्फेअर फंड आहे. तो प्रत्येक दूतावासात असतो, पण गरज तपासून देतात.

आता ज्याचा फोन कुणालाच नको असतो ते. तिथं माणूस वारला तर मृतदेह आणायला तिथला मृत्यूचा दाखला, डॉक्टरांचा अहवाल, अपघात किंवा संशयास्पद असेल तर पोलिसांचा अहवाल आणि त्याचं इंग्रजी भाषांतर, रद्द केलेला पासपोर्ट, एम्बामिंगचं (देह टिकवण्याच्या प्रक्रियेचं) प्रमाणपत्र, दूतावासाचं ना हरकत पत्र आणि विमान कंपनीचं कार्गो बुकिंग लागतं. घरच्यांकडनं फक्त एक कागद लागतो, पण सगळं त्याच्यावर अडतं: जवळच्या वारसाचं संमतिपत्र. देह पाठवायचा की तिथंच अंत्यविधी करायचा, कागदपत्रांवर सही करायचा अधिकार तिथल्या कुणाला द्यायचा, हे त्यात स्पष्ट पाहिजे. बायको एक म्हणते, भाऊ दुसरं म्हणतो, आणि दोघांची दोन पत्रं गेली की काम ठप्प. घरात बसून आधी एकमत करा, मग नोटरीकडं जा. भारतात देह आणायची परवानगी २०२३ पासून ई-केअर पोर्टलवर मागावी लागते, ती तिकडून घालतात. बेळगावच्या सांबरा विमानतळावर परदेशातलं विमान येत नाही, त्यामुळं गोवा किंवा बेंगळूर धरून रुग्णवाहिका आधीच ठरवा.

भरपाई आणि राहिलेला पगार हा वेगळा विषय आणि तो लांबतो. त्याला नाडकचेरीतनं (कर्नाटकातल्या स्थानिक महसूल कचेरीतनं) वारसाचा दाखला किंवा वंशवृक्ष काढावा लागतो. तो कन्नडमध्ये मिळतो. त्याचं इंग्रजी भाषांतर, नोटरी, मग राज्याच्या गृहखात्याची आणि परराष्ट्र खात्याची मोहोर. दूतावासाच्या नावे मुखत्यारपत्र करायचं तर त्यालाही हीच वाट.

एक गोष्ट जवळजवळ कुणाला माहीत नसते. दहावी न झालेल्यांच्या पासपोर्टला ईसीआर, म्हणजे कामाला जाण्याआधी सरकारी मंजुरी लागते असा शेरा, लागतो आणि ठरावीक देशांत कामाला जाताना ई-मायग्रेट या सरकारी पोर्टलवर नोंद करावी लागते. त्यात प्रवासी भारतीय विमा सक्तीचा असतो. दोन वर्षांचा हप्ता २७५ रुपये आणि अपघाती मृत्यूला १० लाख. कागद ट्रंकेत पडून राहतो आणि घरचे दावाच करत नाहीत. व्हिजिट व्हिसावर कामाला गेलेल्याची मात्र यातली कसलीच नोंद नसते. दुबईच्या व्हिसासाठी येणाऱ्या गृहस्थांना हे जरूर सांगा.

शहापूरची_अक्का

मसाल्याचं थांबवा आधी! वहिनींच्या कांदा-लसूण मसाल्यात खसखस आहे काय बघा. संयुक्त अरब अमिराती, सौदी, कतार इथं खसखस अमली पदार्थात मोडते, सापडली तर तुरुंग. कैरोला जायला दुबई किंवा दोहाला विमान बदलायची वेळ येऊ शकते. एकदा दळलेल्या मसाल्यातनं खसखस वेगळी काढता येत नाही, म्हणून तिचा मसाला खसखसविरहित वेगळाच करा, त्याच मिक्सरवर आधी खसखस वाटलेली असू नये. औषधातही तेच. ट्रॅमॅडॉलच्या गोळ्या इजिप्तमध्ये कडक नियंत्रणाखाली आहेत, त्या नेल्याबद्दल तिथं लोकांना शिक्षा झालेली आहे. गुडघेदुखीवर आजीला दिलेली गोळ्यांची पट्टी चुकून बॅगेत जाऊ देऊ नका.

ज्वारी नेऊ नये, पीठ न्यावं. अख्खं धान्य म्हणजे बियाणं धरतात आणि क्वारंटाइनला अडतं. पीठ मात्र थोडंच न्या, दोन-तीन किलो. जुनं झालं की कडवट होतं आणि भाकरी थापताना चिरते, मग उकळत्या पाण्यात मळून घ्यावं लागतं. तूरडाळ, हिंग, आमसूल, वाळवलेला कढीपत्ता द्या. हिंग दोन डब्यांत, नाहीतर कपड्यांना वास लागतो. मसूर, भेंडी, वांगी, घेवड्याचे प्रकार तिथं मुबलक, त्यांचं ओझं नको. गोडाचं म्हणाल तर कुंदा दुधाचा, लवकर खराब होतो. मांडे पोचेपर्यंत चुरा. गोकाकचं करदंट द्या, डिंक-गुळाचं असल्यानं टिकतं आणि पाहुण्यांना द्यायलाही शोभतं.

वीज तिथं २२० व्होल्ट, आपल्या जवळपासच, मिक्सर चालतो. पिन दोन गोल असतात. साधा अॅडॅप्टर लावला की अर्थिंग सुटतं, म्हणून मिक्सरची पिनच तिथली बसवून घ्यावी. कुकरच्या दोन गॅस्केट आणि सेफ्टी व्हॉल्व्ह जादा द्या, ते त्याच मापाचे तिथं मिळत नाहीत. घर सामानासहित मिळतं, फर्निचर काही नको. जहाजानं सामान जाणार असेल तर इंग्रजीत यादी, प्रत्येक वस्तूच्या किमतीसह, तीन प्रती. ते अलेक्झांड्रियाला उतरून सुटायला आठवडे लागतात. पहिल्या महिन्याचं सगळं विमानातल्या बॅगेत पाहिजे: एक छोटा कुकर, तवा, दोन साड्या किंवा समारंभाचे कपडे, कार्यालयीन कपडे.

पाहुणे घरी जेवायला येणार हे धरूनच भांडी द्या. आठ जणांना पुरेल एवढं. आमंत्रण देतानाच काय खात नाही ते विचारायचं असतं. तिथं मुसलमान पाहुण्यांना हलाल पाहिजे हे सगळ्यांना ठाऊक असतं, पण कॉप्टिक ख्रिस्ती पाहुण्यांचे उपवास वर्षात २०० दिवसांहून जास्त असतात आणि त्यात मांस, अंडी, दूध, तूप काही चालत नाही. पनीर आणि तुपाचा शिरा करून ठेवला तर ते नुसतं पाणी पिऊन उठतील. तेलातलं भरलं वांगं, झुणका, भाकरी, आमटी, भात आणि ताकाऐवजी सोलकढी, असा बेत केला की त्यांना वेगळं काही करावंच लागत नाही. रमजानात इफ्तारला बोलावलं तर सूर्यास्ताच्या आधी पोचायचं, पंधरा मिनिटं उशीर म्हणजे सगळे तिच्यासाठी उपाशी थांबलेले.

आईवडिलांच्या तिकिटाचा हिशेब घरचाच धरा. व्हिजिटवर जाऊन राहता येतं, व्हिसाला दूतावासाची नोट मिळते. प्रवासी आरोग्य विमा वेगळा काढा, आणि पहिले चार महिने जाऊ नका. ओळखपत्र, घर, सामान यातनं तिलाच मोकळीक मिळालेली नसते.

खानापूर_काका

सगळ्यांचे आभार. मसाला थांबवलाय, खसखस होतीच त्यात. नाडकचेरीवाल्यांना एक विचारतो. सौदीतल्या त्या मुलाच्या पासपोर्टावर जन्मस्थळ बेलगाम आहे आणि वडिलांच्या आधारवर बेळगावी. वडिलांचं नावही दोन ठिकाणी दोन तऱ्हेनं लिहिलंय. तक्रारीला अडेल काय?

नाडकचेरी_वारी

तक्रारीला अडत नाही, पासपोर्ट नंबर बरोबर असला की झालं. शहराच्या नावाचंही अडत नाही, १ नोव्हेंबर २०१४ ला नाव बदललंय हे त्यांना ठाऊक असतं. वडिलांच्या नावाचं मात्र पुढं भरपाई, मुखत्यारपत्र वगैरे वेळ आली तर नक्की अडणार. आत्ताच दोन्ही स्पेलिंग एकाच माणसाची असल्याचं प्रतिज्ञापत्र नोटरीकडून करून ठेवायला सांगा, आणि त्यात मुलाच्या पासपोर्टावर जसं आहे तसंच अक्षर न् अक्षर पहिलं लिहा.